देवीचे वाघ

सातव्या माळेच्या दिवशी, सकाळी सहाच्या आरतीला, कस्तुराबाईंनी उजवा हात पदराखालून बाहेर काढला आणि मंडपातले टाळ थांबले. मनगटाच्या वर चार बोटं, आदल्या संध्याकाळी जिथे तेलाचा थेंब लावला होता नेमक्या त्या जागी, रुपयाएवढा फोड आला होता. पाण्याने तट्ट भरलेला, ट्यूबलाइटच्या उजेडात चमकणारा. भावकीतल्या बाकी बायकांचे हात रांगेने पुढे आलेले होते. सगळे कोरडे, स्वच्छ.

“बोला, जगदंब!” मठाच्या खंडूमहाराजांनी दोन्ही हात उंचावले.

“उदो, उदो!” मंडप गरजला. मागच्या पोरांनी मोबाइल वर धरले. एकीच्या अंगात आलं, तिला दोघींनी सावरलं. कस्तुराबाई मात्र आपल्याच हाताकडे अशा बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

“चाकणला, भोसरीला कामाला कोण कोण जातं? हात वर करा,” महाराज म्हणाले. निम्मा मंडप हात वर करून बसला. “मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. मशीनवरून उतरलेल्या जॉबला मापाचं गेज लावलं की काय होतं? पास, नाहीतर रिजेक्ट! गेजला सुपरवायझरचा मेव्हणा ओळखू येतो का?”

हशा झाला.

“तसं हे साक्षीचं तेल. देवीचं गेज! काल एकच वाटी होती, एकच तेल होतं. जिचं मन साफ, तिचा हात साफ. आणि जिनं त्या लेकराला बांधलं, तिच्या हातावर आईनं सही केली. आता मी कशाला बोलू? मी तर नुसता ऑपरेटर.”

लेकरू म्हणजे स्वराज. कस्तुराबाईंच्या पुतण्याचा, शेखरचा मुलगा. श्रावणापासून त्याला फिट येत होत्या. डॉक्टरने गोळ्या सुरू केल्या, त्यांनी फरकही पडला. पण महाराजांनी मिनलला, म्हणजे स्वराजच्या आईला, सांगितलं की गोळीनं दार बंद होतं, मग आत बसलेलं बाहेर कसं पडणार? मिनलने गोळ्या थांबवल्या. फिट परत आल्या. ‘घरातल्याच कुणीतरी करणी केली आहे,’ असा कौल निघाला आणि त्या ‘कुणीतरी’ला शोधायला हे तेल आलं.

तेजल मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती. ती कासारवाडीहून पहाटेच आली होती. आई गेल्यावर तिला वाढवलं ते या काकूनेच. काकू लग्नानंतर वर्षभरातच विधवा झाली, पदरी मूलबाळ नाही. दिराची पोर तिने आपली केली. तेजल आता भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होती आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन चऱ्होलीच्या उरल्यासुरल्या माळावर किडे शोधत हिंडायची. फोटो काढायचा, पाय-पंख-मिशा तपासायच्या, जाणकारांना विचारायचं, नाव लावायचं. भावकी तिला गमतीने ‘किडेवाली’ म्हणे.

“दादा, काल नक्की काय झालं?” तिने शेजारी उभ्या चुलतभावाला, शेखरला, हळूच विचारलं.

“अगं, सगळ्या बायका ओळीनं बसल्या होत्या. महाराजांनी मोरपिसानं एकेकीच्या हातावर थेंब लावला. काकूची पाळी आली आणि पीस हातातून निसटून पडलं बघ. महाराज म्हणाले, देवी काहीतरी सुचवतीये. दुसरं पीस घेतलं, त्यानं लावलं. तेव्हाच आमच्या अंगावर काटा आला.”

तेजलने ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिच्या डोक्यात दुसरंच उत्तर तयार होतं.

श्रावणात चाकणजवळच्या कामगारांच्या खोल्यांमध्ये असेच हात-मान भाजल्यासारखे झाले होते. लोक म्हणाले, कुणीतरी मूठ मारली. तेजलने तिथल्या दिव्याखालून एक किडा पकडून दाखवला होता: काळा-नारिंगी, मुंगीसारखा, लोक ज्याला ‘ॲसिड किडा’ म्हणतात तो. झोपेत अंगावर चिरडला गेला की कातडी भाजते. त्या किड्याचं तिने केलेलं पोस्टर कंपन्यांच्या ग्रुपवर फिरलं, शाबासकी मिळाली. आज मंडपावर फ्लडलाइट होते, हवा दमट होती, समोर फोड होता. तिने पुढचं काही तपासलं नाही.

“महाराज, एक मिनिट,” ती पुढे झाली. “हा फोड किड्यामुळे आलाय. उजेडाला येणारा किडा असतो. काकू झोपेत असताना तो हातावर चिरडला असेल. यात देवीचा काही संबंध नाही.”

मंडपात कुजबुज झाली. महाराज रागावले नाहीत. उलट त्यांनी तिला माइक दिला.

“बोला ताई, सगळ्यांना ऐकू द्या. तर हा किडा रात्री आला. इतक्या घरांतून नेमका काकूंच्याच घरी गेला. बरं, गेला. मग सबंध अंग सोडून त्याला आम्ही थेंब लावला तीच जागा कशी सापडली? पत्ता कुणी दिला? लोकेशन पाठवलं होतं का त्याला?”

हसण्याचा असा लोंढा आला की तेजलचं पुढचं वाक्य वाहून गेलं.

“शिकलेली पोर आहे, राग धरू नका,” महाराज म्हणाले. “उद्या अष्टमी. उद्याच्या आरतीला कस्तुराबाई शुद्धीचं तीर्थ घेतील. पाप बाहेर पडेल, लेकरू मोकळं होईल. नाही घेतलं तर…” त्यांनी स्वराजकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

मिनलने मुलाला छातीशी ओढलं. काकूकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

*

घरी आल्यावर तेजलने काकूचा हात खिडकीपाशी उजेडात धरला. आता कुठे तिने तो फोड नीट पाहिला. ॲसिड किड्याची जखम लांबोडकी असते, ओरखड्यासारखी. भोवती लाल होतं, आग होते, बारीक पुरळ येतं. हा फोड गोल होता. आतलं पाणी नितळ. भोवतीची कातडी जवळजवळ जशीच्या तशी.

“दुखतंय?”

“न्हाई गं. रातीला कायबी न्हवतं. पहाटं उठले तर हे. जरा चुरचुरतंय.”

म्हणजे महाराजांचा प्रश्न बरोबर होता. थेंबाची जागा आणि फोडाची जागा एक होती. किडा रात्री उडत आलेला नव्हता. तो थेंबातूनच आला होता. तेजलने न तपासता नाव लावलं होतं. कारखान्यात ती अशा माणसाला फैलावर घेई.

“काकू, त्या तेलात काहीतरी होतं. काय ते मी शोधते. पण उद्या तू तिथं जायचं नाहीस. ते तीर्थ घ्यायचं नाही.”

कस्तुराबाईंनी फोडावर पदर ओढून घेतला. मग म्हणाल्या, “तेजे, तुला सांगू? मिनलला पोरगं झालं तवा बारशाला समदी नाचत हुती. मी घरात येऊन दार लावून घेतलं. माज्या मनात आलं, देवा, हिलाच का, मला का न्हाई. तेवढंच आलं. पर आलं.”

“काकू, असं मनात येण्यानं कुणाला फिट येत नाही.”

“तुला काय ठावं? देवीनं एवढ्या बायकांत मलाच का निवडलं?”

“देवीनं नाही निवडलं. महाराजांनी निवडलं. मठापुढची तुझी शेताची पट्टी त्यांना मंडपाला हवी होती, तू दिली नाहीस.”

“ती कशी देणार? माजी भेंडी हाय तिथं. आन तुजे किडे हायती,” काकू हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. त्या पट्टीवर त्या कधी औषध फवारू देत नसत. फवारायला आलेल्या गड्याला त्यांनी एकदा परत लावलं होतं: आमच्या तेजीचे किडे हायती त्यात, मरतील.

“मग उद्या जाणार नाहीस ना?”

“न्हाई जात. झोप तू.”

तेजलने विश्वास ठेवला.

*

अष्टमीला ती उठली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. काकूची वाकळ घडी घातलेली होती. ‘मागे गोठ्यात असेल,’ म्हणत तिने कॅमेरा घेतला आणि भेंडीच्या पट्टीकडे निघाली. तेलात काय असू शकेल याचा विचार करताना तिला चालायची सवय होती.

भेंडीची पिवळी फुलं उमलत होती. प्रत्येक फुलात दोन-तीन भुंगे बसून पाकळ्या कुरतडत होते: काळे, पाठीवर नारिंगी पट्टे, सुस्त, माणूस जवळ आला तरी न उडणारे. तेजलने यांचे कितीतरी फोटो काढले होते. शेतीच्या पुस्तकांत यांना हिंगे म्हणतात. आणि फुलांमधून चार बायका काडीने एकेक भुंगा काचेच्या बाटलीत ढकलत होत्या.

“सरूबाई, हे काय चाललंय?”

मठाची सेवेकरी सरूबाई बाटली न हलवता म्हणाली, “वाघ वेचतोय देवीचे. पट्टे बघ की पाठीवर! घटस्थापनेपासून रोज सेवा असती. समदे मठात न्यायचे. दसऱ्याला महाराज डोंगरावर सोडत्यात.”

“मागच्या वर्षीचे सोडताना बघितले तुम्ही?”

“आमी कशाला बघायला जातोय? महाराज एकटेच जात्यात.”

“आणि काडीनं का? हातानं का नाही?”

“हाताला सोवळं नसतं म्हणून. आन हातात धरला की वाघ मुततो बाई. पिवळं पिवळं. मग फोड येतो.”

तेजल जागच्या जागी थांबली. भुंगा दाबला की त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळा रस येतो. रसात विष असतं. लावताना काही कळत नाही, आग होत नाही; काही तास जातात आणि मग तिथेच, जेवढ्या जागेला लागलं तेवढाच, पाण्याचा फोड उठतो. भुंगा वाळवून कुटला तरी विष जात नाही आणि तेलात ते छान उतरतं. हे सगळं तिला वर्षानुवर्षं माहीत होतं. या पट्टीवर उभं राहून तिने ते लोकांना सांगितलंही होतं.

आणि हे विष पोटात गेलं तर फोड आतून येतात.

“सरूबाई, काकूला पाहिलंत?”

“आरतीला हुती की. घेतलं तिनं तीर्थ. सुटली बिचारी.”

तेजलने तिच्या हातातली बाटली ओढून घेतली आणि मठाकडे धावत सुटली.

*

कस्तुराबाई मंडपात चटईवर बसल्या होत्या. तोंडाला पदर लावलेला, पदरावर लाळ आणि रक्ताचे डाग. बायका लांबून हात जोडत होत्या.

“घसा जळतोय गं,” त्या म्हणाल्या. “पाणीबी उतरंना.”

“जळणारच!” महाराज म्हणाले. “पाप जळतंय. कुणी हात लावू नका. दुपारपर्यंत मोकळ्या होतील.”

“दादा, गाडी काढ,” तेजल शेखरला म्हणाली.

शेखर हलला नाही. त्याची नजर महाराजांकडून स्वराजकडे गेली, स्वराजकडून परत महाराजांकडे. “तेजे, अर्धवट सोडलं तर उलटतं म्हणतात. पोराच्या जिवावर…”

“दादा, तिनं विष प्यायलंय. या भुंग्यांचं.” तिने बाटली त्याच्या डोळ्यांपुढे धरली. “मी काल चुकले. आज चुकत नाहीये. गाडी काढ.”

तेवढ्यात कस्तुराबाई वाकल्या आणि ओकल्या. चटईवर जे पडलं ते पाहून मिनलच्या तोंडून किंकाळी निघाली. तिने स्वराजला एका बाईच्या हातात दिलं आणि आपणच काकूला खांद्याला धरून उठवलं. “अहो, बघताय काय? किल्ली आणा!”

तेजलने निघताना पाटावरची तीर्थाची वाटीही उचलली. महाराजांचा एक शिष्य आडवा आला. तिने त्याच्याकडे न बघता त्याला ओलांडलं.

रुग्णालयात ड्यूटीवर डॉ. आयुष कांबळे होते. “काय घेतलंय?” त्यांनी विचारलं. आधी शेखर बोलला: देवीचं तीर्थ. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘काय घेतलंय?’ या प्रश्नाला असं उत्तर त्यांना पहिल्यांदा मिळत नव्हतं.

“हिंगे. ब्लिस्टर बीटल,” तेजल म्हणाली. “त्यांचं विष, कॅन्थॅरिडिन. हे जिवंत किडे आणि ही उरलेलं तीर्थ असलेली वाटी. किती पोटात गेलं ते माहीत नाही. सहानंतर घेतलंय.”

डॉक्टरांनी बाटली उजेडात फिरवून पाहिली. “नक्की?”

“किडा नक्की. वाटीतलं तुम्ही तपासून घ्या.”

“याला उतारा नाही,” थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी सांगितलं. “घसा, पोट सोलवटलंय. खरी भीती किडन्यांची. हे रक्तातून लघवीत उतरतं आणि जाताना सगळा मार्ग भाजत जातं. काय आहे ते कळलं म्हणून आम्ही लगेच त्या वाटेनं लागलो, एवढंच म्हणता येईल.”

मिनल भिंतीला टेकून खाली बसली होती. ती तेजलच्या हातात परत आलेल्या बाटलीकडे बघत होती.

“वन्सं, तेलातपण हेच होतं?”

“माझ्या मते, हो. दुसऱ्या पिसाला. पहिल्या पिसाचं तेल साधं. म्हणून ते ‘पडलं’.”

“तुमच्या मते,” मिनल म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती शब्द तोलत होती. “काल पण तुम्ही मतच सांगितलं होतं.”

“हो,” तेजल म्हणाली.

मिनलने बाही वर सरकवली. “लावा माझ्या हाताला. एकीकडे साधं गोडं तेल, एकीकडे हा किडा. सकाळी बघू.”

“मिनल, फोड येईल. दुखेल.”

“काकूंना मीच त्या पाटावर बसवलं होतं. लावा.”

तेजलने नर्सकडून मागून आणलेल्या चिमट्यात भुंगा धरून त्याचा पाय मिनलच्या हातावर टेकवला. पिवळा थेंब, टाचणीच्या डोक्याएवढा. थोड्या अंतरावर कँटीनमधून आणलेल्या तेलाचा थेंब. दोन्हींभोवती बॉलपेनने गोल काढले. मग तेच तिने स्वतःच्या हातावर केलं.

“काहीच होत नाहीये,” मिनल म्हणाली.

“आत्ता होणारही नाही. त्यावरच तर त्याचा सगळा खेळ आहे.”

*

नवमीच्या आरतीला मंडप नेहमीपेक्षा जास्त भरला होता. काकूला रुग्णालयात नेलं ही बातमी पसरली होती आणि महाराजांनी तिचा अर्थही लावून ठेवला होता.

“पाप निघताना देहाला धक्का देतंच. इंजिनातली कार्बनची घाण काढताना धूर होतो की नाही? त्यात घरच्यांनी मध्येच उचलून नेलं. सर्व्हिसिंग अर्धवट सोडून गाडी पळवली. आता गॅरंटी कशी देऊ मी?”

हशा पिकायचा तेवढा पिकला. मिनल उठून पुढे गेली आणि तिने हात वर केला.

बॉलपेनच्या एका गोलात काहीच नव्हतं. दुसऱ्यात पाण्याचा नितळ फोड होता. काकूच्या फोडासारखाच, फक्त लहान.

“महाराज,” ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. “माझ्या हातावर देवीची सही आलीये. म्हणजे माझ्या पोरावर मी करणी केली का?”

टाळ वाजवणारा मुलगा टाळ धरून तसाच राहिला.

“लेकराच्या आईचीही देवीआई कधी कधी परीक्षा घेते…” महाराजांनी सुरुवात केली.

“देवीनं नाही घेतली. मी घेतली. काल दुपारी वन्संनी किडा लावला, तुमचा वाघ. कुठं लावायचा ते मी सांगितलं. तिथंच फोड आला. लोकेशन पाठवलं होतं मी!”

कुणीतरी फस्सकन हसलं. या वेळी ते हसू कुणावर होतं हे महाराजांना कळलं.

तेजल पुढे आली आणि आपला हात मिनलच्या हाताशेजारी धरला. तसाच फोड, तशीच रिकामी जागा.

“सातव्या माळेला मी इथं उभी राहून चुकीचं सांगितलं,” ती म्हणाली. “महाराजांनी मला बरोबर अडवलं. किडा रात्री आला नव्हता. तो पिसावर होता. तो तुम्हीच वेचलाय, काकूच्या भेंडीवरून, काडीनं, सेवा म्हणून. त्याला वाळवून कुटलं की असं तेल होतं. एका पिसाला साधं तेल, दुसऱ्याला हे. पहिलं पीस पाडायचं, दुसरं उचलायचं. पडताना सगळ्यांनी बघितलंय.”

सरूबाईने सेवेची नवी बाटली हळूच पायाशी ठेवली.

“महाराज म्हणतात, हे देवीचं गेज आहे. इथले निम्मे लोक गेज हातात धरून पोट भरतात. मला सांगा, कॅलिब्रेशन न केलेल्या गेजवर आपण एक जॉब तरी रिजेक्ट करतो का? आधी गेज तपासतो. ज्याचं माप माहीत आहे त्याला लावून बघतो. इथं माणूस रिजेक्ट केला आणि गेज कुणी तपासलं नाही. देवीला माना, नका मानू, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण तुमच्या हातावर कुणी थेंब टाकायला आला, तर एवढं म्हणा: आधी याच वाटीतला, याच पिसानं, तुझ्या हातावर टाक.” ती वळली. “महाराज, हात पुढे करा.”

खंडूमहाराजांनी हात शालीखाली घेतला.

त्यांनी मग बरंच काही म्हटलं. शाप, कलियुग, शिकलेल्या बायका. पण मंडप त्या शालीकडे बघत होता. शेखर उठला, पाटाजवळ गेला आणि त्याने पाटावरचं भरजरी कापड ओढलं. खाली दोन वाट्या होत्या. एकीत तेल. दुसरीतल्या तेलाच्या तळाशी काळी भुकटी, आणि तिच्यात नारिंगी पट्टा शाबूत राहिलेला पंखाचा एक तुकडा.

“भावांनो, कुणी हात लावू नका,” शेखर ओरडला. “पोलिसांना फोन करा.”

फोन होईपर्यंत, पोलीस येईपर्यंत मंडपात रेटारेटी होती. कुणी महाराजांना धरा म्हणत होतं, कुणी सोडा. दोन म्हाताऱ्या त्या गोंधळातही पाटाला फूल वाहून गेल्या. मागच्या पत्र्याच्या दाराने एक पांढरी गाडी निघून गेली हे नंतर लक्षात आलं.

*

जादूटोणाविरोधी कायद्याखाली आणि इतर कलमांखाली गुन्हा नोंदला गेला आहे. फिर्याद मिनलने दिली. दोन्ही वाट्या आणि तीर्थ प्रयोगशाळेत गेले आहेत, अहवाल यायचा आहे. खंडूमहाराज अजून सापडलेले नाहीत. त्यांच्या नावाने फिरणाऱ्या एका संदेशात दिवाळीनंतर दुसऱ्या तालुक्यात ‘साक्षीचा सोहळा’ असल्याचं लिहिलं आहे. तो कुणी पाठवला हे पोलीस शोधत आहेत. भावकीत अजून दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, किडा तर किडा, पण तो किडा पाठवला कुणी?

स्वराजच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्यानंतर त्याला एक फिट आली. डॉक्टर म्हणाले, मध्ये खंड पडल्यामुळे वेळ लागेल.

शेखरने परवा तेजलला फोन केला. भेंडी फुलांनी भरली होती आणि भुंगे वाढले होते. आता वेचायला कुणी येत नव्हतं.

“फवारून टाकू का गं?”

“काकूला विचारून सांगते,” ती म्हणाली.

अजून विचारता आलेलं नाही. कस्तुराबाईंच्या घशात नळी आहे. बहुतेक वेळ त्या ग्लानीत असतात. एकदा डोळे उघडले तेव्हा त्यांनी बोटाने हवेत काहीतरी काढलं. मिनलला वाटलं त्या स्वराजबद्दल विचारत आहेत, तिने “बरा आहे, काकू” असं सांगितलं. ते त्यांना समजलं की नाही, कळलं नाही.

आज सकाळी डॉ. कांबळे यांनी तपासून सांगितलं, की रात्रभरात थोडी लघवी झाली आहे आणि ती अजून लाल आहे. डायलिसिस उद्या पुन्हा करावं लागेल. त्यापुढचं ते आज सांगू शकत नाहीत.